काळी नळी

रायपुरातल्या खमतराईच्या त्या गल्लीत हरिदास टेंभुर्णे यांना लहानथोर सगळे मिस्त्री म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडे. रेल्वेत त्यांनी चौतीस वर्षं काढली, ती सगळी डब्यांच्या पोटाखाली. दोन डब्यांच्या मधे रबराची एक जाड नळी असते; तिच्यातून ब्रेकची हवा इंजिनापासून पार शेवटच्या डब्यापर्यंत जाते. ती नळी धड आहे की गेलेली, हे ओळखणं त्यांचं काम. साहेब लोक नळीवरची तारीख वाचत. मिस्त्री नळी हातात घेत, वाकवत, अंगठ्याचं नख तिच्यात रोवत आणि शेवटी नाकाशी धरत. एकदा नवी करकरीत दिसणारी नळी त्यांनी 'ही नाही चालत' म्हणून बाजूला टाकली आणि गाडी वीस मिनिटं उभी राहिली. साहेब तणतणत आले. मिस्त्रींनी नळी उभी चिरून दाखवली, तर आतलं अस्तर सुटून लोंबत होतं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की ती सुरू झाली की बायको अंजनाबाई भाजी ढवळायचं निमित्त करून उठत.

हरिदासचे वडील तुमसरकडे विड्या वळत. बोटांची टोकं काळी पडलेला तो माणूस मरताना एवढंच म्हणाला होता, की सरकारची नोकरी सोडू नको, बाकी काही सुटलं तरी चालेल. त्यामुळे एकुलत्या एका मुलीला, चेतनाला, पॉलिटेक्निकमधून निघाल्या निघाल्या एका सरकारी खात्यात मानचित्रकाराची, म्हणजे नकाशे काढणाऱ्याची, जागा मिळाली, तेव्हा हरिदासना आपण वडिलांचं ऋण फेडलं असं वाटलं. त्यांनी दिवाणखान्यातल्या बाबासाहेबांच्या फोटोसमोर तिचं नेमणूकपत्र ठेवलं आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले.

पावणेदोन वर्षांनी चेतनाने ती नोकरी सोडली. तिथं दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांच्या नकला करण्यापलीकडे काही नव्हतं, आणि तिला इमारती उभ्या करायच्या होत्या, म्हणजे कॉम्प्युटरवर. नव्या रायपुरात इमारतींमागून इमारती उठत होत्या. जी इमारत अजून पायाच्या खड्ड्यातही नाही, तिच्यातून माणूस चालत चालला आहे, खिडकीतून ऊन येत आहे, जिन्याला वळसा पडतो आहे, अशा छोट्या फिल्म ती बनवायची. राजीनामा आधी दिला आणि घरात नंतर सांगितलं. त्या दिवसापासून हरिदासनी तिच्याशी सरळ बोलणं टाकलं. जे सांगायचं ते आईमार्फत. "तिले सांग, जेवण थंड होऊन राहिलं." "तिले विचार, गाडीची चावी कुठं ठेवली." चेतना तेव्हा त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच बसलेली असायची. असे आठ महिने गेले.

चेतनाची कामाची खोली वर, स्लॅबच्या खाली. रायपूरच्या उन्हात ती खोली भट्टी होई. तिथल्या वायरिंगला एसी झेपत नव्हता, आणि कॉम्प्युटर ऐन कामात तापून बंद पडायचा. रेंडर, म्हणजे फिल्मचं एकेक चित्र मशीनने तासन् तास बसून तयार करणं, अर्ध्यात तुटायचं. तेवढ्यात तिला एक मोठं काम मिळालं. नव्या रायपुरातल्या एका आर्किटेक्टच्या कचेरीने सार्वजनिक वाचनालयाचं डिझाइन एका स्पर्धेसाठी केलं होतं, आणि त्या वाचनालयाची फिल्म चेतनाने करायची होती. तिने ठरवलं की नवीन मशीन स्वतः जुळवायचं आणि त्याला पंख्याऐवजी पाण्याने थंड करायचं. पंप पाणी फिरवणार. पाणी आतल्या तापलेल्या भागांवरून जाऊन त्यांची उष्णता उचलणार आणि रेडिएटरमधे आणून सोडणार. मोटारगाडीत असतं तसंच. सामान पंडरी बाजारातल्या एका दुकानदाराने मागवून दिलं. राहिली फक्त नळी.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सकाळची वेळ, हरिदास ओट्यावर पेपर वाचत बसले होते. चेतना बाहेर आली. आईला मधे न घालता ती सरळ त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि तिने वितभर लांबीचे तीन तुकडे ओट्यावर मांडले.

"बाबा, एक विचाराचं होतं. कॉम्प्युटरमधे पाणी फिरवाची नळी घ्याची आहे. दुकानदारानं हे तीन नमुने दिले. तुम्ही पाहून सांगता का?"

हरिदासनी पेपर खाली केला. आठ महिन्यांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही त्यांच्याच हातातलं. त्यांचे हात आपसूक पुढे गेले.

पहिला तुकडा काचेसारखा कडक, ॲक्रिलिकचा. तो तापवून वाकवावा लागतो, चेतना सांगत होती, आणि तिला ते जमेल असं वाटत नव्हतं. दुसरा मऊ आणि पारदर्शक, पाण्यासारखा स्वच्छ. तिसरा काळा, जाडसर, रबराचा, दिसायला अगदीच ओबडधोबड. हरिदासनी काळ्या नळीत नख रोवलं. नख काढताच खूण बुजली. वाकवली, तर गोल वळली, कुठं मोडली नाही. मग पारदर्शक नळी घेतली. तिच्यातही नख रोवलं. वळ तसाच राहिला. त्यांनी त्यावरून पुन्हा नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. वळ हटेना. नाकाशी धरली, तर नव्या प्लास्टिकच्या चपलेला येतो तसला उग्र वास. नळीला मऊ ठेवायला जे तेलकट घालतात, ते असल्या नळीतून उष्णतेने हळूहळू बाहेर येतं. आधी नळी धुरकट होते, मग जिथं तोंडावर बसवलेली असते तिथली पकड जाते. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं.

चेतना त्यांच्या नखाकडे बघत होती.

"हीच घेऊ ना?" तिने विचारलं. "आतलं पाणी पण दिसन. छान दिसते."

तिच्या चेहऱ्यावर किती आशा होती ते हरिदासना दिसलं. आणि नेमकं त्याच क्षणी त्यांच्या आत काहीतरी वाकडं झालं. नोकरी सोडताना बापाला विचारलं नाही. तेव्हा बापाची अक्कल लागली नाही, आज नळीला लागते. कर म्हणावं आता स्वतःच्याच हिमतीने.

"हव," त्यांनी होकार दिला आणि पेपर पुन्हा वर धरला.

एवढंच. पेपराच्या आडून त्यांना तिचं हसू दिसलं नाही, पण "थँक्यू बाबा" म्हणतानाच्या आवाजात ते ऐकू आलं. ती उठून गेल्यावर पेपरातलं एक अक्षरही त्यांना वाचता येईना. 'अजून सामान आणलं नाही, सांजच्यानं सांगू,' असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण चेतना दुपारीच पंडरीला जाऊन नळी घेऊन आली.

मशीन उभं राहिलं तेव्हा ते खरोखर देखणं दिसत होतं. एका बाजूला काच, काचेमागे निळं पाणी त्या पारदर्शक नळ्यांमधून फिरताना दिसे. चेतनाने आईबाबांना वर बोलावलं. हरिदास जिना चढून गेले. आठ महिन्यांत ते प्रथमच त्या खोलीत पाय ठेवत होते.

"काय पोट्टी आहे माही!" अंजनाबाई म्हणाल्या. "अवो, पाहा ना, जसं काही ॲक्वेरियम."

"नळी बाबानं पसंत केली," चेतना म्हणाली.

त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं सुरू झालं. चेतना आल्यागेल्याला ते मशीन दाखवे आणि दर वेळी तेच सांगे, नळी बाबांची पसंती, बाबांची सगळी हयात नळ्यांमधे गेली. हरिदास हसत. आता तोंड उघडणं जास्तच अवघड झालं होतं, कारण आता नळीबद्दल बोलायचं म्हणजे त्या 'हव'बद्दलही बोलावं लागणार होतं. शिवाय मशीन नीट चालत होतं. हिवाळा होता. कदाचित आपलंच चुकत असेल, ते स्वतःला समजावत. रेल्वेची नळी वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी.

जानेवारीत एकदा ते चहाचा कप घेऊन वर गेले आणि दारातच थबकले. चेतनाची पाठ त्यांच्याकडे होती. पडद्यावर एक मोठी शांत खोली होती, दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या उंच मांडण्या. वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं खाली येत होतं आणि एका लांब टेबलावर सांडत होतं. टेबलाशी एक म्हातारा माणूस वाकून वाचत बसला होता. ऊन हळूच सरकलं आणि म्हाताऱ्याच्या हातावर आलं. हरिदासना वाटलं, ही इमारत कुठंतरी आहे आणि आपण तिच्या दारात उभे आहोत. आपल्या पोरीने हे ऊन बनवलं. त्यांनी कप आत जाऊन ठेवला नाही. पायरीवर ठेवला, "चहा आणला" म्हणाले आणि खाली उतरले. छान आहे, एवढे दोन शब्द म्हणायलाही त्यांची जीभ वळली नाही.

मार्च लागला आणि ऊन तापू लागलं. एका दुपारी जेवताना चेतना सहज म्हणाली, "बाबा, नळी पांढरी पांढरी होऊन राहिली. धूर भरल्यासारखी. असं होते का?"

हरिदासनी घास ताटात परत ठेवला.

"पाहतो," ते म्हणाले.

ती कामासाठी बाहेर पडल्यावर ते वर गेले. काचेचं झाकण काढलं. नळ्या ताकासारख्या धुरकट झाल्या होत्या. पंपाच्या तोंडावर जिथं नळी बसवून क्लिप आवळली होती, तिथं त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. नळी मेणासारखी दबली. हात तेलकट झाला. आता शंकेला जागाच नव्हती. पाणी काढून टाकायचं, ही नळी फेकायची, काळी बसवायची. एका दिवसाचं काम. पण ते सांगायला गेलं तर पोरगी विचारणार, तुम्हाला आधी कळलं नव्हतं का? आणि त्या नजरेला काय उत्तर देणार? क्लिप त्यांनी आणखी एक फेरा आवळली, झाकण बसवलं आणि बोटं लुंगीला पुसली.

चेतनाने परत आल्यावर विचारलं. "होते असं कधी कधी," ते म्हणाले.

पुढे आयुष्यभर हरिदासना पहिल्या 'हव'पेक्षा हे दुसरं वाक्य जास्त छळत राहिलं. पहिल्यात निदान राग होता. दुसऱ्यात नुसती भीती होती, आणि ती पोटच्या पोरीची.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पारा पंचेचाळीसवर गेला. फिल्म द्यायला चार दिवस उरले होते. मशीन तीन दिवस अखंड चालू होतं आणि चेतना त्या दुपारी आर्किटेक्टच्या कचेरीत काही भाग दाखवायला गेली होती. अंजनाबाई खाली लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. त्यांनीच आधी नाक वर केलं.

"काही जळून राहिलं का?"

हरिदास जिन्याकडे धावले. गुडघ्याचं दुखणं कुठं गेलं कुणास ठाऊक. खोलीत वायर जळाल्याचा वास कोंडला होता. पंपाच्या तोंडावरची नळी निसटून बाजूला पडली होती आणि निळं पाणी मशीनच्या सगळ्या अंगावरून खाली टपकत होतं, टेबलावर, तिथून तिच्या वह्यांवर. त्यांनी आधी मेन स्विच पाडला. मग नुसते उभे राहिले. पंखाही बंद झाला होता. त्या शांततेत पाणी ठिबकत होतं तेवढा आवाज.

चेतना आली. तिने आरडाओरडा केला नाही, रडलीही नाही. ओढणीने मशीन पुसत राहिली, पुसून काही उपयोग नाही हे कळत असूनही. पंडरीचा दुकानदार संध्याकाळी स्वतः येऊन पाहून गेला. ग्राफिक्स कार्ड गेलं होतं, मदरबोर्ड गेला होता आणि बोर्डवर बसवलेली ती चिपसारखी डिस्कही गेली होती, जिच्यावर सगळं काम होतं. दुसरी प्रत होती ती दीड महिन्याआधीची.

"मॅडम, ये ट्यूब किसने बोला था लगाने को?" दुकानदाराने निसटलेली नळी हातात धरून विचारलं.

हरिदास तिथंच, दाराशी उभे होते. चेतनाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"मैंने ही चुनी थी," ती म्हणाली.

तेव्हा बोलायला हवं होतं. हरिदासनी तोंड उघडलंही. पण ती दुकानदाराला म्हणत होती, "ग़लती मेरी है, भैया," आणि तिचा आवाज इतका थकलेला होता, की त्यांना वाटलं, आता नको, आता तिला आणखी एक ओझं नको. हेही कारणच होतं. कारणं त्यांना नेहमीच वेळेवर सापडत.

चार दिवसांत दीड महिन्याचं काम होणं शक्य नव्हतं. कचेरीने दुसऱ्याकडून घाईघाईत साधी चित्रं करून घेतली आणि चेतनाला पुन्हा काम दिलं नाही. दोष देऊन नव्हे. फोन येणं बंद झालं, इतकंच. वाचनालयाचं ते डिझाइन स्पर्धेत मागे पडलं. झरोक्यातून म्हाताऱ्याच्या हातावर आलेलं ते ऊन स्पर्धेत कुणाला दिसलंच नाही; हरिदासनी तेवढं ते पाहिलं होतं.

महिनाभर चेतना वरच्या खोलीत गेली नाही. मग एका सकाळी तीच येऊन बापाशेजारी ओट्यावर बसली.

"बाबा, तुम्ही बरोबर होते. मले हे जमणाऱ्यातलं नव्हतं. जिले एक नळी नीट निवडता येत नाही, तिनं कायले एवढ्या उड्या माराच्या? मी फॉर्म भरला. क्लर्कच्या परीक्षेचा."

हेच तर हरिदासना ऐकायचं होतं, आठ महिने अबोला धरून, शब्द न् शब्द हेच.

"तसं काही नाही, बाई," एवढंच ते पुटपुटले.

ती पास झाली. दूर अंबिकापूरला सहायक ग्रेड तीनची, म्हणजे क्लर्कची, नेमणूक मिळाली. नागपूरहून, गोंदियाहून नातेवाइकांचे फोन आले: जयभीम मिस्त्री, अभिनंदन, पोरगी शेवटी लाइनीवर आली म्हणायची! हरिदास "हो हो" करत. अंजनाबाईंनी पेढे आणा म्हटलं, तर पोटात दुखतं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. नेमणूकपत्र या वेळी अंजनाबाईंनीच फोटोसमोर ठेवलं. हरिदास तिकडे फिरकले नाहीत.

तीन वर्षं गेली. चेतना रविवारी फोन करायची, सणाला यायची, आईला साडी आणायची. वागण्यात काही कमी नव्हतं. फक्त पूर्वी ती चालता चालता एखाद्या इमारतीकडे मान वर करून बघायची, जिने मोजायची, खिडकीची दिशा सांगायची, ते बंद झालं होतं. आपल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात आलं नसावं, असं हरिदासना वाटे. एका रविवारी फोन ठेवल्यावर त्यांनी अंजनाबाईंना सगळं सांगून टाकलं. नख, वळ, 'हव', मार्चमधली तेलकट बोटं, काहीही लपवलं नाही.

अंजनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिले? जिले सांगाचं तिले सांगा."

हरिदास एकटेच अंबिकापूरला गेले. चेतनाची भाड्याची खोली स्वच्छ, नीटनेटकी. भिंतीवर सरकारी कॅलेंडर, टेबलावर फायली. तिने सुट्टी घेतली होती. बापाला आवडतो म्हणून तिने तिखट रस्सा केला होता आणि भाताचा कुकर लावत होती.

"चेतना, तुले एक सांगाचं आहे."

"सांगा ना."

"ते नळी."

"कोणती?"

"तुह्या कॉम्प्युटरची."

ती हसली. "छोड़ो ना, बाबा. कब की बात. तुम्हाले रेल्वेच्या नळ्या माहीत. कॉम्प्युटरच्या नळीचं तुम्हाले काय माहीत असणार? मीच उगाच विचारलं तुम्हाले."

"माहीत होतं."

कुकरचं झाकण तिच्या हातातच राहिलं.

"मले त्याच दिवशी माहीत होतं," हरिदास म्हणाले. "नख लावलं तेव्हाच. ते टिकणारी नव्हती. काळी घ्याले पाहिजे होती. मी सांगितलं नाही. राग होता माह्या मनात, नोकरीचा. म्हणून हव म्हटलं."

चेतना हळूच खाली बसली. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"तुम्ही परत परत त्याच नळीवर नख फिरवून राहिले होते," ती म्हणाली. "मले वाटलं, बाबाले हेच आवडली."

"वळ जाते का पाहून राहिलो होतो."

"दुकानदार मले काळीच घ्या म्हणत होता." तिचा आवाज अगदी साधा होता, कचेरीतला एखादा कागद वाचून दाखवावा तसा. "मी काळीच घेणार होती. ठरलं होतं माझं. तुमच्याशी बोलाले काही तरी पाहिजे होतं, म्हणून तीन तुकडे घेऊन आली. तुमच्या कामातलं विचारलं तर तुम्ही बोलान, असं वाटलं."

इतकी वर्षं हरिदासनी आपला अपराध उलटसुलट करून पाहिला होता, पण ही बाजू त्यांना कधी दिसली नव्हती. पोरीला नळीचा सल्ला नकोच होता.

"आणि पांढरी झाली तेव्हा?" तिने विचारलं. "मी विचारलं होतं तुम्हाले."

"तेव्हा पण माहीत होतं. तेव्हा लाज वाटली."

ती उठली. कुकर लावला, ज्योत बारीक केली आणि पाठमोरी उभी राहिली. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी झाली.

"मले नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढे नाही वाटले," ती तशीच म्हणाली. "मले वाटलं, क्लर्कची नोकरी म्हणून तुम्हाले कमीपणा वाटला. मानचित्रकारानंतर क्लर्क. ते पण मनात घेऊन बसली मी."

"नाही वो बाई. घास उतरत नव्हता."

जेवण झालं. तिने त्यांना रस्सा दोनदा वाढला. आग्रह केला नाही, पण वाटी रिकामीही राहू दिली नाही. दुपारभर ती एक फाइल समोर घेऊन बसली आणि तिने पान उलटलं नाही. शेवटी हरिदासनीच विचारलं, "रागावली का?"

"माहीत नाही, बाबा. अभी मत पूछो."

संध्याकाळी ती त्यांना स्टेशनवर सोडायला आली. डब्यात पिशवी ठेवून हरिदास दारात उभे राहिले. त्यांना तिला ते वाचनालय आठवतं का हे विचारायचं होतं. मी ते ऊन पाहिलं होतं, दारातून, फार सुंदर होतं, हे सांगायचं होतं. त्यांनी सांगितलंही, पण नेमका इंजिनाचा भोंगा वाजला आणि तिला सगळं ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही. तिचे डोळे भरलेले दिसले, तेही भोंग्याआधीपासून असतील.

"गाडी हलून राहिली," ती म्हणाली. "आत व्हा, बाबा."

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. तिने आईशी लोणच्याचं, शेजारणीचं, रायपूरच्या उन्हाचं सगळं बोलून घेतलं. हरिदास खुर्चीत बसून ऐकत होते. मग अंजनाबाईंनी फोन त्यांच्याकडे धरला.

"घ्या. तुम्हाले मागून राहिली."

"बी.पी.ची गोळी घेता का वेळेवर?" चेतनाने विचारलं.

"दोन दिवस झाले, नाही घेतली," हरिदासनी खरं ते सांगितलं.

ती रागावली. तोंडात येईल ते बोलली, निम्मं मराठीत, निम्मं हिंदीत, चांगली पाच मिनिटं. हरिदास खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले, आणि तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मधे एक शब्द घातला नाही.